साहेबांची प्लेट

चिंचघळ गावात जत्रेच्या पंगतीची एक जुनी रीत होती. पंगत कशावर वाढायची हे ज्याने ठरवायचं, उष्टी त्यानेच काढायची.

गेल्या जत्रेत थर्माकोलच्या प्लेटा आल्या. उष्ट्या भाताच्या वासाने सरपंच द्वारकाबाई घाडींच्या दुभत्या म्हशीने त्या खाल्ल्या आणि चौथ्या दिवशी ती दाव्यालाच मेली. गावाने थर्माकोलला बंदी घातली.

यंदा ऐन पंगतीच्या वेळी तालुक्याचे कुलथेसाहेब हुकूम घेऊन आले. प्लेटांचे नियम फक्त राज्य सरकार करणार, गावाला तो अधिकार नाही, बंदी रद्द.

"मग साहेब, कचरा कोण उचलणार?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ते काम ग्रामपंचायतीचंच."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी दुकानातून थर्माकोलची एक प्लेट आणवली आणि साहेबांना पोटभर वाढलं. गाव पानांवरच जेवलं. जेवण झाल्यावर पानं उचलली गेली, साहेबांची प्लेट मात्र तशीच राहिली.

"ही राहिली," साहेब म्हणाले.

"कशावर जेवायचं ते ठरवायचा मान आता तुमच्याकडे गेलाय," बाई म्हणाल्या. "आमच्यात मानकरीच उष्टी काढतो."

सगळा गाव बघत होता. साहेबांनी प्लेट उचलली. मांडवाबाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं. ठेवायला जागा सापडेना.

"बाई, ही टाकू कुठे?"

द्वारकाबाईंनी आपल्या रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं.

"टाका कुठंही. खाणारी गेली आता."