बाहेरचं आत घ्यायचं नाही

एका गावात एक भोळा मुलगा होता. भोळा हे आईचं मत. बाकीचे काय म्हणायचे ते सांगत नाही, कारण तो मुलगा मीच. नाव केरबा. मी बारावी पास झालो याचं घरच्यांना इतकं नवल वाटलं, की त्या भरात त्यांनी मला तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्राला घातलं.

प्रॅक्टिकलला शिरगुप्पे मॅडम होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, कांद्याची साल स्लाइडवर ठेवा, पेशी दिसतील. मी वरचं सुकं फोलपट ठेवलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. लांबलांब काळ्या पेशी दिसल्या. त्यांचं चित्रही काढलं. मॅडमनी सांगितलं की या तुझ्या पापण्या आहेत. मग समजावलं, बाहेरचं टाकायचं, आतलं घ्यायचं.

हे मला पटलं.

पुढच्या वेळी कांदे पाण्याच्या ग्लासांवर ठेवले होते. त्यांना छान मुळं फुटली होती. मुळांच्या टोकाला एका पेशीच्या दोन होताना दिसतात, ते बघायचं होतं. मी लवकर गेलो. बाहेर आलेली सगळी मुळं कापून टाकली, कांदे सोलले आणि स्वच्छ करून मांडून ठेवले. अख्ख्या वर्गाचे. आपला स्वभावच मदतीचा.

मॅडमनी एक सोललेला कांदा उचलून बघितला. मग म्हणाल्या, "केरबा, उगवलेलं टाकायचं नसतं. जपायचं असतं."

हेही पटलं.

नंतर काचेच्या बशांत जेली ओतून त्यावर जिवाणू वाढवायचे होते. मला सारखं बघावंसं वाटे, म्हणून मी माझ्या बशीचं झाकण उघडंच ठेवलं. इतरांच्या बशीत बारीक पांढरे ठिपके आले. माझ्या बशीत हिरवंगार रान माजलं. मी ते जपलं. पाणी शिंपडलं. इतरांची उगवण कमी वाटली, म्हणून त्यांच्या बशांतही थोडंथोडं लावून दिलं.

मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, ही बुरशी आहे, बाहेरून आलेली. बाहेरचं काहीही आत येऊ द्यायचं नाही, कोणी काहीही म्हणो. एखादी वस्तू घ्यावीच लागली, तर आधी स्पिरिट लावायचं, मग ज्योतीवर धरायचं.

मग परीक्षा आली. वर्गाचं वर्ष तिच्यावर होतं. मॅडमनी मला कशालाही हात न लावता नुसतं दाराशी उभं राहायला सांगितलं आणि त्या ऑफिसात गेल्या. थोड्या वेळाने बॅग घेतलेले एक गृहस्थ आले. आपण कोण, असं मी विचारलं.

"मी बाहेरचा परीक्षक."

मी कडी लावली.

त्यांनी दार वाजवलं. दूरवरून एसटीने आलोय म्हणाले. मी आतून सांगितलं की मग तर धूळ जास्तच असेल. ते जाऊन प्राचार्यांना घेऊन आले. आता बाहेर दोघं झाले. शेवटी मॅडम धावत आल्या. खिडकीतून म्हणाल्या की अरे, यांना आत घ्यावंच लागतं.

घ्यावंच लागतं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी दार उघडून साहेबांना आत ओढलं आणि पुन्हा कडी लावली. त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत स्पिरिटने पुसलं. चष्माही सोडला नाही. मग बर्नर पेटवला आणि अदबीने म्हणालो, "साहेब, आता जरा ज्योतीवर या."

साहेब बॅग तिथेच टाकून खिडकीतून गेले. परीक्षा दिवाळीनंतर झाली.