शिळेवरचं पहिलं नाव

"म्हणजे तुम्ही सांगणारच नाही का, बाबा?"

गुलाबशा फकीर चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिला. घाटमाथ्यावरच्या या तकियात त्याच्याआधी चार फकीर होऊन गेले होते. हा घाट पहिल्यांदा कोण चढलं हे कुणाला ठाऊक असलंच तर इथं, असं सगळी पेठ मानत होती.

गंगाधरशेठ तोडकरांच्या कपाळाला घाम फुटला होता. उद्या सकाळी घाटाच्या तोंडाशी शिळा बसायची होती, तिच्यावर त्यांच्या पणजोबांचं नाव. आमंत्रणं गेली होती, मांडव उभा होता. आणि आज भर बाजारात पेठेतल्या दुसऱ्या व्यापारी घराण्यानं, शेट्यांनी, सांगितलं, तो मान आमच्या पणजोबांचा.

घरी शेठजींचे वडील अंथरुणाला खिळलेले. म्हातारा त्या शिळेसाठीच जीव धरून होता.

"तुमच्या गुरूंनी काहीतरी सांगितलं असेल," शेठजी म्हणाले.

"सांगितलं ना."

"काय?"

"कुणी घाट चढून आलं तर आधी चहा दे म्हणाले."

शेठजी कसनुसं हसले. एरवी अशी थट्टा त्यांनी कुणाची ऐकून घेतली नसती. त्यांनी खिशातला कागद काढला. "मजकूर तरी बघा."

फकिरानं कागद डोळ्यांजवळ नेला. घाटाची वाट सर्वप्रथम चढणारे, एवढं लिहून खालच्या ओळीत मोठ्या अक्षरात सिद्रामशेठ तोडकर.

"कसे चढले?"

शेठजींना जरा धीर आला. ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. "दाट रान, वाट म्हणून नाही, वर धुकं. चौदा बैलांवर मिठाच्या गोण्या. पणजोबांनी म्होरक्या बैल मोकळा सोडला. तो पाय टाकील तिथून बाकीचे. आणि पणजोबा त्याची शेपटी धरून..."

ते बोलता बोलता थांबले.

फकिरानं कागद जमिनीवर पसरला आणि सिद्रामशेठच्या नावाआधीच्या कोऱ्या जागेवर बोट टेकलं.

बोट तिथून हलेना.

"ते... जनावर होतं, बाबा."

"हो."

"शेट्यांचे पणजोबाही असेच आले असतील. बैलामागून."

"आले असतील."

"मग पाथरवटाला काय सांगू? तो छिन्नी घेऊन बसलाय. बापाला काय सांगू?" शेठजींचा आवाज कापायला लागला. पेठेतल्या एवढ्या मोठ्या माणसाला त्याची लाजही वाटली नाही, इतके ते घाबरले होते.

चुलीवरचा चहा उतू जायला लागला. फकिरानं भांडं उतरवलं, कपात ओतून कप पुढं सरकवला.

"प्या आणि घरी जा, शेठजी. वडिलांना त्या बैलाचं नाव विचारा. शेट्यांनाही त्यांच्या घरी विचारायला सांगा. ज्याच्या घरात ते ठाऊक असेल, त्याचा पणजोबा पहिला."