खवणीचे दाते

स्वयंपाकघरात माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलत, त्या काळातली गोष्ट. विळीचं पातं आपल्याच टोकावरच्या खवणीला उठता-बसता "दंतुर कुठली" म्हणून हिणवायचं.

खवणीने पाट्याला अर्थ विचारला. "ज्याची कड दातेरी, ते दंतुर," पाटा म्हणाला. "कडुनिंबाचं पान दंतुर, करवत दंतुर."

"मग माझे दाते घासून टाक," खवणी मुसमुसत म्हणाली.

"उद्या नारळीपौर्णिमा आहे. तेवढी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. पात्याने ऐटीत वाटीत तोंड घातलं आणि करवंटीवर आपटून घेतलं. खोबऱ्याचा कीस काही निघेना. नारळीभात खोळंबला.

शेवटी पातं खाल मानेने म्हणालं, "खवणीबाई, येता का जरा?"

"येते की," खवणी म्हणाली. "पण खवणीबाई नको. दंतुर म्हण. आणि पाट्याला ऐकू जाईल असं म्हण."