पावशेर काळीज, पावशेर जिरं

तळवटीच्या चावडीला अजून दार बसवलं नव्हतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा गावात ठकूमाय नावाची सुईण होती. त्या मुलखात ज्यानं म्हणून पहिला टाहो फोडला, तो तिच्याच हातांत. एका सकाळी तिनं तीन गावांत तीन बाळंतपणं केली, आणि तिन्ही गावं शपथेवर सांगत की ती सकाळभर आमच्याकडंच होती, असं म्हणतात. बाईची नखं पाहून तिच्या अंगात रक्त किती ते ती सांगायची. अक्षर मात्र एक येत नव्हतं, आणि त्याची तिला मनातून लाज वाटायची.

गावाची एक रीत होती. बाजाराच्या दिवशी खाटकाकडं बोकड पडला की त्याचं काळीज बाळंतिणीचं. ठकूमाय वाडगा घेऊन जायची, खाटकासमोर उभी राहून मागायची. मग निखाऱ्यावर भाजायची, वर चिमूटभर जिरं चोळायची आणि बाळंतिणीला स्वतःच्या हातानं भरवायची.

पुढं सलग दोन सालं पाऊस गेला. बोकड कमी झाले, आठवड्याला एखादाच पडायचा, आणि त्या एका काळजावर सुभानराव पाटलाची नजर गेली. पाटील वाईट माणूस नव्हता. जिभेपुढं त्याचं काही चालायचं नाही, एवढंच. त्यानं त्र्यंबकशास्त्री वैद्यांना गाठलं. "बुवा, बाळंतिणीला काळजाऐवजी दुसरं काही चालेल का?"

शास्त्रीबुवा मोठे अभ्यासू. त्यांनी पोथी सोडली, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वजनाला वजन धरलं, तर रक्त वाढवायला जिरं मांसाहून भारी." ते खोटं बोलले नाहीत. पोथीत तसंच होतं. पाटलानं लगेच दवंडी दिली, काळीज चावडीवर आणि जिरं बाळंतिणीला.

त्याच आठवड्यात कुंभाराची सून हरणी बाळंत झाली. जुळी झाली आणि रक्त फार गेलं. ठकूमायच्या मनाला दवंडी पटत नव्हती. पण पोथीपुढं आपण काय बोलायचं? सत्तर वर्षं हातांनी जे पाहिलं, ते तिनं एका पानापुढं खोटं मानलं. चार दिवस तिनं हरणीला जिरं दिलं. तुपात दिलं, गुळात दिलं, पेजेत दिलं. चिमटीहून जास्त झालं की पोरीच्या छातीत आग पडायची, खाल्लेलं उलटून यायचं. पाचव्या दिवशी तिची नखं चुन्यासारखी पांढरी झाली. जुळी ओढून ओढून दमली, दुधाचा थेंब नव्हता.

"माय, मी जाते का गं?" हरणीनं विचारलं.

"गप! माझ्या आधी कुणी जायचं नाही."

असं म्हणून ठकूमाय बाहेर आली आणि तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "ठके, डोळे असून आंधळी झालीस."

तो बाजाराचाच दिवस होता. तिनं वाण्याच्या हातातून तागडी ओढून घेतली, जिऱ्याची पिशवी काखोटीला मारली आणि चावडीची वाट धरली. मागून हरणीचा नवरा आणि दीर बाज उचलून निघाले, बाजेवर हरणी. चावडीवर निखारे फुलले होते. ताटात काळीज होतं, आणि ताटापुढं पाटील, शेजारी शास्त्रीबुवा.

"सुभान्या!"

सगळ्या चावडीनं मान वळवली. पाटलाला अशी हाक मारणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुला पायाकडून ओढून काढलाय या हातांनी. पहिला श्वास घ्यायलासुद्धा तू आळस केलास. आता हात मागं घे."

पाटलानं हात मागं घेतला. ठकूमायनं एका पारड्यात काळीज टाकलं, दुसऱ्यात जिरं ओतत गेली. दांडी सरळ झाली तशी ती शास्त्रीबुवांकडं वळली.

"झालं वजनाला वजन?"

"झालं."

"मग खा."

"काय?"

"पावशेर जिरं. तुमचं पारडं तुम्ही संपवा, ही पोर तिचं संपवेल. कुणाच्या अंगी काय लागतं, ते गाव बघेल."

शास्त्रीबुवा सच्चे माणूस. त्यांनी मूठ भरली. पहिली मूठ गेली. दुसरीला घाम फुटला. तिसरीला डोळ्यांतून धारा लागल्या आणि ते म्हणाले, "बाई, हे संपायला दिवाळी उजाडेल हो!" कुणी सांगतं तीनच मुठी झाल्या, कुणी म्हणतं नऊ. त्यावरून तळवटीत आजही भांडणं होतात.

इकडं ठकूमायनं काळीज भाजलं, चिमूटभर जिरं चोळलं आणि घास घास करून हरणीला भरवलं. दुसऱ्या घासाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिची नखं लाल होत गेली, कुणीतरी आतून आळता लावत असल्यासारखी. शेवटच्या घासाला ती बाजेवरून उठली आणि ताट पुसून खाल्लं. त्याच घटकेला कुंभारवाड्यात जुळी रडायची थांबली, असं म्हणतात.

शास्त्रीबुवा घोटघोट पाणी पीत म्हणाले, "ठकूबाई, पोथी खोटी नाही हो."

"कोण म्हणतं खोटी? जिऱ्यावाचून हे तिला पचलं नसतं. पण तुमच्या पोथीला पोट नाही, बुवा. किती मावतं, ते तिला कोण सांगणार?"

शास्त्रीबुवांनी तिथल्या तिथं पोथी आणि बोरू मागवले आणि त्या ओळीच्या कडेला लिहिलं, 'हे ठकूबाईस विचारावे.' मग ते तिला वाचून दाखवलं. ठकूमायनं त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि तागडी वाण्याला परत द्यायला निघून गेली.

पारड्यातलं उरलेलं जिरं चावडीपुढं सांडलं. त्या खडकाळ रानात जिरं कधी येत नाही. तेवढ्या जागी मात्र दरसाल उगवतं, असं म्हणतात.

ठकूमाय गेल्यापासून तळवटीत कुणी बाई काळीज मागायला जात नाही. जत्रेला पहिला बोकड पडला की गावचा पाटील स्वतः ते भाजतो आणि अनवाणी पायानं बाळंतिणीच्या दारात नेतो, मग दार कुठल्याही जातीचं असो. ती खाते. तो उभा राहून विचारतो, "ठकूमायच्या नावानं सांग, अंगी लागलं?" ती 'लागलं' म्हणेपर्यंत गावात कुणी घास उचलत नाही. एका साली लोहाराच्या सुनेनं एक तुकडा चावला, ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." हजार माणूस पानावर ताटकळलं होतं. ऊन डोक्यावर होतं, जमीन तापली होती. पाटील तसाच अनवाणी मीठ आणायला परत गेला.