एक पिवळं केळं

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या त्या बंदरातून केळ्यांचं जहाज सुटायला अर्धाच तास उरला होता. ओफेलियाबाईंचे निम्मे घड जहाजात चढले होते, निम्मे धक्क्यावर होते. तेवढ्यात तपासनीस क्रॉफर्डला धक्क्यावरच्या हिरव्या घडांत एक पिवळं केळं दिसलं.

"एक पिकलं की शेजारची सगळी पिकतात. तुझा सगळा माल बाद!" तो गरजला. बाद माल त्याच्या मेहुण्याच्या हॉटेलात फुकट जाई आणि पर्यटकांच्या ताटात पडे.

बाई म्हणाल्या, "साहेब, माझे निम्मे घड सकाळपासून जहाजात इतरांच्या घडांना खेटून आहेत. मग सगळंच जहाज रिकामं करायला सांगू कप्तानांना?"

जहाजावरून कप्तान क्रॉफर्डकडेच बघत होता.

क्रॉफर्डने ते केळं सोललं, दोन घासांत संपवलं आणि हमालांवर खेकसला, "बघत काय बसलात? चढवा माल!"