खाणमालकाने घागर वाजवली

काळ्या दगडाच्या एका टेकडीखाली कुंभारांचं एक गाव होतं. तिथली माती चिकट, चाकावर झकास चढणारी. आसपासची बारा गावं पाणी प्यायची ती याच गावच्या घागरींतलं.

या गावाची एक रीत होती. घागर डोळ्यांनी घ्यायची नाही, कानांनी घ्यायची. डाव्या तळहातावर ती धरायची, उजव्या हाताच्या बोटाचं पेर तिच्यावर मारायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजली तर पक्की. बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे असं समजायचं, मग ती दिसो वा न दिसो. पाणी भरून बघण्यात अर्थ नसायचा, कारण नवी घागर पहिले काही दिवस पाझरतेच. या गावात सोयरीक जुळवतानासुद्धा लोक विचारायचे, "काय हो, नवरा मुलगा वाजवून घेतलाय ना?"

गावात एक म्हातारी कुंभारीण होती. आव्यात भाजून निघालेली प्रत्येक घागर ती स्वतः वाजवून बघायची आणि मगच बाजारात पाठवायची. चाळीस वर्षांत तिच्या हातून बद्द घागर कुणाच्या घरी गेली नव्हती. याचा तिला चांगलाच ताठा होता. असू दे. आपल्या कामाचा तेवढा ताठा माणसाला शोभतो.

पुढे त्या टेकडीवर एका खाणमालकाने दगडाची खाण काढली. माणूस तसा वाईट नव्हता. गावातल्या बऱ्याच जणांना त्याने काम दिलं. पण रस्ता जवळ पडतो म्हणून खडी फोडायचं भलंमोठं यंत्र त्याने नेमकं गावाच्या तोंडावर बसवलं. ते यंत्र दोन पाळ्यांत, दिवसरात्र चालायचं. मधूनच सुरुंग उडायचे, ते वेगळेच. गावाने यंत्राचं नाव ठेवलं 'बोंबल्या'.

बोंबल्या आला आणि गावाची बोलायची पद्धतच बदलली. सासू-सुना पूर्वी भांडताना ओरडायच्या, आता प्रेमाने बोलतानाही ओरडू लागल्या. एकीने नवऱ्याला मीठ आणायला सांगितलं, तर तो पीठ घेऊन आला आणि दोघांनी आळणी भाकरी खाल्ली. शाळेतले गुरुजी सगळं फळ्यावर लिहून दाखवू लागले. म्हशी दूध चोरू लागल्या. लोक हसून वेळ मारून नेत होते, पण झोप कुणालाच नव्हती.

अशातच अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी नवी घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने ठेवतात. बाजारात लोकांनी रीतीप्रमाणे घागरी वाजवल्या. वाजल्या असतील, पण ऐकू कुणाला येणार? कुंभारणीच्या शब्दावर विसंबून सगळ्यांनी घागरी नेल्या.

सणाच्या दुसऱ्या दिवशी एक शेतकरी घागर घेऊन परत आला. तो रागावला नव्हता, हेच कुंभारणीला जास्त लागलं.

"मावशी," तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "आमच्या बाच्या नावानं पाणी ठेवलं होतं. नैवेद्य दाखवेपर्यंत घागर रिकामी. सगळं पाणी भुईनं प्यायलं."

कुंभारणीने घागर उन्हात फिरवून बघितली. बुडाशी बारीक चीर होती. आव्यातून काढताना तिने ही घागर वाजवली होती, पण बोंबल्याच्या आवाजात तिला काही ऐकूच आलं नव्हतं. ऐकू आलं नाही हे लोकांना सांगायची तिला लाज वाटली होती. आता त्याहून मोठी लाज वाटली. तिने शेतकऱ्याला दुसरी घागर दिली आणि दाराआड जाऊन रडली.

गावातली माणसं तापली. कुणी म्हणालं, "रस्ता अडवू." कुणी म्हणालं, "बोंबल्याच्या तोंडात पहार घालू."

"थांबा जरा," कुंभारीण म्हणाली. "घागर माझी बद्द निघाली. आधी मी बोलून येते."

तिने ती चिरलेली घागर आणि एक धड घागर घेतली. दोन्हींना ताज्या गेरूचा हात दिला, म्हणजे चीर दिसायला नको. मग दोन्ही घेऊन ती खाणीवर गेली.

खाणमालक यंत्राजवळ उभा होता. कुंभारीण ओरडून म्हणाली, "मालक, यातली एक घागर तुमच्या मजुरांच्या पाण्याला देते. एक पक्की आहे, एक बद्द. वाजवा आणि निवडा!"

"मला शिकवता?" मालकही ओरडला. "आमच्या आईनं उभ्या जन्मात फुटकी घागर घरात आणली नाही!"

त्याने एक वाजवली. दुसरी वाजवली. पुन्हा पहिली वाजवली. मग जिचा गेरू अधिक लाल होता, ती उचलली.

"बद्द!" कुंभारीण म्हणाली.

आजूबाजूचे मजूर हसले. मालकाला ते झोंबलं. गावाची झोप उडाली याचं त्याला काही वाटलं नव्हतं, पण आईच्या नावाला बट्टा लागलेला त्याला चालणार नव्हता. "यंत्र बंद करा रे!" तो गरजला. "दोन मिनिटं. मग दाखवतो."

बोंबल्या थांबला. कितीतरी महिन्यांनी टेकडीवर शांतता पसरली. कुठेतरी एक होला घुमत होता, तोही सगळ्यांना ऐकू आला. मालकाने निवडलेली घागर पुन्हा वाजवली. बद्द! अगदी स्पष्ट. तो ओशाळून हसला.

तेवढ्यात खाणीचा मुकादम पुढे आला. तो जातीचा पाथरवट, दगडात जन्म गेलेला.

"मालक, यंत्र लगेच लावू नका," तो म्हणाला. "मला पण जरा वाजवून बघू द्या."

"काय वाजवणार तू?"

"कडा. आम्ही दगडसुद्धा वाजवूनच बघतो. अंगाला धरून असलेला दगड खणखणतो. सुटलेला बद्द बोलतो. यंत्र आल्यापासून मी नुसता अंदाजानं चालवतोय. मालक रागावतील म्हणून बोललो नाही. चुकलंच माझं."

मालकाने मान डोलावली. मुकादम हातोडी घेऊन कड्याच्या एका टोकापासून निघाला. खण. खण. खण. सगळे ऐकत उभे होते. सहा मजूर जिथे दुपारी कामाला लागणार होते, तिथे तो आला आणि हातोडी पडली.

बद्द.

त्याने पुन्हा मारली. पुन्हा बद्द. त्याने हात करून सगळ्यांना मागे घालवलं आणि स्वतः बाजूला वर चढून फटीत पहार घातली. दोनदा रेटा दिला आणि बैलगाडीएवढा दगड खाली आला.

धूळ विरली. मालक खाली बसला आणि कुंभारणीला म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळं माझी सहा माणसं वाचली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"मी माझ्या घागरीसाठी आले होते," कुंभारीण म्हणाली. "तिचं काय करताय ते आधी सांगा."

मग गाव आणि मालक एकत्र बसले. यंत्र टेकडीच्या पलीकडच्या अंगाला हलवायचं ठरलं. खाणीतून निघालेल्या मातीचा उंच बांध घालून गावाने त्यावर बांबू आणि करंज लावले. यंत्रात दगड आदळायचा तिथे जुन्या टायरचे पट्टे ठोकले. सुरुंग फक्त दुपारी आणि आधी घंटा वाजवून. रात्रपाळी बंद. ज्या दिवशी आव्यातून घागरी निघतील किंवा बाजार भरेल, त्या दिवशी सकाळी यंत्र बंद.

आवाज पुरता गेला का? नाही. खाण म्हटली की आवाज आलाच. पण आता माणसं हळू बोलू लागली, म्हशी पान्हवू लागल्या आणि कुंभारीण पुन्हा ताठ्यात चालू लागली. मालकाची खडीही जात होतीच.

खाणीवरही एक नियम झाला. मुकादम सगळा कडा वाजवून "चला" म्हणेपर्यंत यंत्र सुरू व्हायचं नाही. एका सकाळी खडीच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मालक तरातरा मुकादमाकडे निघाला. पाहतो तर मुकादम कड्याला कान लावून उभा. मालकाच्या जोड्यांखाली खडी करकरत होती. तो थबकला, जोडे काढून हातात घेतले आणि टोचणाऱ्या खडीवरून अनवाणी, पाय न वाजवता, परत फिरला.

तात्पर्य: ज्या गोंगाटात शेजाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकू येत नाही, त्यात आपल्यावर येणारं संकटही ऐकू येत नाही.