मठाचं ठेंगणं दार

"बाबा, स्मरण मुळात आलं कुठून?"

विचारणारे घनश्यामशास्त्री भ्याले होते. त्यांना दहा हजार श्लोक मुखोद्गत, पण परवा भरल्या सभेत ते निम्म्या श्लोकावर अडले. घरी आले तर नातीचं नाव आठवेना. म्हणून तीस वर्षांनी ते आपल्या गुरूंकडे, मुकुंदनाथबाबांच्या डोंगरावरच्या मठात आले होते.

बाबा रांजणापाशी बसले होते. ओल्या दगडावरून गोगलगाय चालली होती. बाबांनी तिच्या शिंगाला हळूच बोट लावलं. तिनं अंग चोरलं.

पुन्हा लावलं. पुन्हा चोरलं.

सातव्या-आठव्या वेळी मात्र ती बोटाला न जुमानता पुढे निघाली.

"हिच्या लक्षात राहिलं," बाबा म्हणाले. "हे बोट मारत नाही म्हणून."

"हे स्मरण? हिची आणि माझ्या पाठांतराची बरोबरी करता?"

श्लोक विसरले होते, पण शास्त्रीबुवांचा ताठा शाबूत होता.

"माणूस नव्हता तेव्हाही ही होती, घना. श्लोक फार उशिरा आले."

"ते चाललेत, बाबा... मग माझं उरतं काय?"

"आत कसा आलास?"

"दारातून."

"डोकं आपटलं?"

शास्त्रीबुवांचा हात कपाळावरच्या जुन्या खुणेकडे गेला. मठाचं दार जेमतेम छातीएवढं. नव्या माणसाला सावध करायचं नाही, ही इथली रीत. तो आपटला की बाबा स्वतः हळद लावत, आणि तीच दीक्षा. आता गावकऱ्यांना म्हाताऱ्या बाबांची दया आली होती. दार उंच करायला त्यांनी कालच बाहेर दगड आणून टाकले होते.

"नाही आपटलं."

"वाक म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी नाही... वाकलो हे मला कळलंही नाही."

गोगलगाय दगडाच्या कडेला पोचली.

शिकायला आले होते तेव्हाच्या आवाजात शास्त्रीबुवांनी विचारलं,

"उद्या तुमचं नावही विसरलो तर...?"

बाबांनी बाहेरच्या दगडांकडे पाहिलं.

"तरी ये. दार आहे तेवढंच ठेवतो."